बलिद्वीपांतील मुखवटे व त्यांचे भाष्यकार

बलिद्वीपांतील देवकार्यांत वापरले जाणारे मुखवटे हा विषय आपल्या मंडळाच्या नेहमींच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु या मुखवट्यांविषयीं गेल्या नव्वद वर्षांत जें लिहिलें गेलें आहे, त्यांत साधनांचा उपयोग कसा करूं नये याचे इतके बोलके नमुने आहेत कीं, जुन्या वस्तु व जुनीं कागदपत्रें जमविणाऱ्यांनीं त्यांकडे एकवार लक्षपूर्वक पाहणें इष्ट आहे.

या लेखनाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. लेखक मुखवट्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. सुळे, बटबटीत डोळे व लोंबती जीभ दिसली कीं मुखवटा दुष्ट शक्तीचा, आणि चेहरा पांढरा व सौम्य दिसला कीं सज्जनाचा, असें तो ठरवितो. लेखक आपल्याकडचा असला तर त्यास आणखी एक साधन हाताशीं असतें. मुखवट्याच्या नांवांत संस्कृत शब्द ऐकूं आला कीं, हा देव आपल्या पुराणांतला अमुक, असा निकाल तो देऊन मोकळा होतो. आमचें म्हणणें असें कीं, या दोन्ही वाटांनीं अर्थ हातीं लागत नाहीं. मुखवटा कोणत्या लांकडाचा, कोणत्या देवळाचा, कोणत्या दिवशीं बाहेर निघणारा, कोणीं उचलावयाचा व कोणापुढें धरावयाचा, या व्यवहारांत त्याचा अर्थ आहे. पोथीचें पहिलें पान चित्रित आहे एवढ्यावरून तिचें मोल कोणी जाणता संग्राहक ठरवीत नाहीं. तो शेवटचें पान उलटून लेखनकाल, स्थळ व लेखकाचें नांव पाहतो, आणि पोथी कोणाच्या घरांतून आली तें विचारतो. मुखवट्यास तोच न्याय लावावा, एवढीच आमची मागणी आहे.

प्रथम शब्दांविषयीं. मुखवट्याच्या नाट्यास बलींत 'तोपेंग' म्हणतात. खुद्द वस्तूस 'तापेल' असा निराळा शब्द आहे. सुदैवानें मराठींतही असा भेद करण्यास शब्द आहेत. जें चढवून माणूस दुसराच कोणी होतो तें सोंग. आणि गौरीचा किंवा कुलदेवतेचा असतो तो मुखवटा, जो कोणी चेहऱ्यावर चढवीत नाहीं, पण ज्याची पूजा करतो. बलींतील पवित्र तापेल सोंगासारखा चढविला जातो, परंतु त्याची ठेव गौरीच्या मुखवट्यासारखी असते. भरतानें प्रतिशीर्षकांचा विचार आहार्याभिनयांत, म्हणजे वेष, अलंकार व रंग यांच्या पंक्तीस बसवून केला आहे. ही मांडणी संस्कृत शिकलेल्या मनुष्याच्या मनांत इतकी ठसलेली असते कीं, मुखवटा हा नेपथ्याचा भाग असें तो गृहीतच धरतो. बलींतील पवित्र मुखवटा नेपथ्यांत मोडत नाहीं. नट हा त्याचा वाहक होय. नटाच्या अंगीं जें तेज उतरावें लागतें त्यास 'तक्सू' असें म्हणतात. तें अभ्यासानें येईलच असें नाहीं, तें मागून घ्यावें लागतें.

मुखवटे नाचविण्याची चाल त्या बेटांत जुनी आहे याबद्दल वाद नाहीं. बेबेतिन येथील शके ८१८ (इ. स. ८९६) च्या लेखांत गाणारे, वाजविणारे व बाहुल्यांचा खेळ करणारे यांच्या जोडीनें 'पर्तपुकन' असा एक वर्ग सांगितला आहे, व तो मुखवट्यांचा खेळ करणाऱ्यांचा असें विद्वान् मानतात. अकराशें वर्षांपूर्वीं हे लोक होते एवढें यावरून सिद्ध होतें. त्यांचे मुखवटे कशाचे, कोणाचे व कशासाठीं, हें त्या लेखावरून कळत नाहीं. आणि आजच्या बारोंगाची परंपरा या एका शब्दास बांधून अकराशें वर्षें मागें नेणारे लेखक आढळतात, त्यांच्या विधानांस आधार नाहीं.

आतां व्यवहाराकडे वळूं. पवित्र मुखवट्यास 'पुले' नांवाच्या झाडाचें लांकूड लागतें. हें झाड म्हणजे आपला सप्तपर्ण, मराठींतील सातवीण. त्याच्या शास्त्रीय नांवांत 'शाळेचा' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, कारण याच हलक्या लांकडाच्या पाट्या पूर्वीं शाळेंतील मुलें वापरीत. ज्या झाडानें इकडे मुलांस अक्षरें गिरविण्यास पाटी दिली त्यानेंच तिकडे देवास चेहरा दिला, हें आमच्यासारख्या जुन्या शिक्षकास सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बलींत पुलेचें झाड देवळाच्या आवारांत व स्मशानाजवळ आढळतें. शुभ दिवस पाहून, झाडापुढें नैवेद्य ठेवून, त्याची अनुज्ञा मागून, बुंध्यावर आलेल्या गांठीचा भाग कापून घेतात. झाड पाडीत नाहींत. मुखवटा घडल्यावरही तें झाड उभें असतें आणि त्याचें व मुखवट्याचें नातें गांवास ठाऊक असतें.

घडविणारा जमिनीवर बसून, दोन्ही पायांच्या तळव्यांत लांकूड धरून तें कोरतो. मास व सिंगपादु हीं गांवें या कामाकरितां प्रसिद्ध आहेत. जुन्या रीतीचा रंग हाडाच्या भस्माचा पांढरा, काजळीचा काळा व चिनी हिंगुळाचा तांबडा असून तो माशाच्या सरसांत खलतात, व एकावर एक अनेक पुटें चढवितात. आतां तयार रंग आले आहेत, व त्यांनीं काम उरकतें. पण जुन्या पुटांची खोली त्यांस येत नाहीं असें जाणते सांगतात.

रंग सुकला म्हणजे मुखवटा तयार झाला असें मात्र नाहीं. प्रथम त्याची शुद्धि, नंतर त्यांत शक्ति उतरविण्याचा विधि. शुद्धीच्या एका विधीस तेथें 'प्रयश्चित' व शक्ति उतरविण्याच्या विधीस 'पसुपती' म्हणतात. येथें संस्कृतज्ञाचे कान टवकारतात, आणि येथेंच त्यानें सांभाळावें. पहिल्या शब्दांत पाप व त्याचें क्षालन हा आपल्या धर्मशास्त्रांतला अर्थ उरलेला नाहीं. नव्या, निर्दोष वस्तूसही तो विधि करतात. दुसऱ्या शब्दानें शंकराची पूजा सूचित होते असें समजावें तर तोच विधि कट्यारीस व इतर वस्तूंसही होतो. शब्द आपला आहे, पण तो तेथें निराळ्या कामास लागला आहे. रंग्दा व बारोंग यांच्या मुखवट्यांची तर मध्यरात्रीं स्मशानांत नेऊन परीक्षा होते. हें सर्व झाल्यावर मुखवटा 'तेंगेत' होतो, म्हणजे ज्यास कोणीं सहज स्पर्श करूं नये असा जागृत. तो टोपलींत, पांढऱ्या वस्त्रांत झांकून देवळांत ठेवतात. त्यास नांवानें न संबोधितां 'ससुहुनान' म्हणतात, आणि या शब्दाचा अर्थ डोक्यावर धारण करावयाचा तो, असा आहे. मुखवट्याचा अर्थ विचारणाऱ्यानें या एका शब्दापाशीं थांबावयास हवें होतें. चेहरा वर्णन करण्यांत दहा पानें खर्चणारे लेखक त्याचा उल्लेखही करीत नाहींत. दर २१० दिवसांनीं येणाऱ्या 'तुंपेक वायांग' या शनिवारीं मुखवटे व बाहुल्या यांस नैवेद्य होतो, जसा सरस्वतीच्या दिवशीं ताडपत्राच्या पोथ्यांस होतो. पोथी व मुखवटा यांस एकाच प्रकारची पूजा मिळते ही गोष्ट आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

सर्वांत अधिक लिहिलें गेलें आहे तें रंग्दा व बारोंग या जोडीविषयीं. रंग्दाचा मुखवटा लांब सुळ्यांचा, बाहेर आलेल्या डोळ्यांचा, लोंबत्या जिभेचा व पिंजारलेल्या केसांचा. बारोंग हा दोन माणसांनीं आंत शिरून चालविण्याचा केसाळ पशु. त्याचा जबडा खटखट वाजतो व त्याची दाढी मनुष्याच्या केसांची असते. नाट्याच्या शेवटीं दोघांची झुंज होते, बारोंगाचे अनुयायी कट्यारी घेऊन रंग्दावर धांवतात, तिच्या सामर्थ्यानें त्या कट्यारी त्यांच्याच छातीकडे वळतात, आणि बारोंगाच्या प्रभावानें त्यांस इजा होत नाहीं. मिगेल कोवारुबियास या मेक्सिकन चित्रकाराचा १९३७ चा ग्रंथ लोकप्रिय झाला व त्याबरोबर या झुंजीचा अर्थ 'सत् व असत् यांचें युद्ध' असा इंग्रजी वाचकांत रूढ झाला. पुढच्याच वर्षीं बेरिल द झोएते व वाल्टर श्पीस यांचा ग्रंथ निघाला. वर्णनाच्या बाबतींत त्यास अद्यापि तोड नाहीं, व सिद्धांत मांडण्याची घाईही त्यांत कमी आहे. १९४२ मध्यें ग्रेगरी बेटसन व मार्गारेट मीड यांनीं रंग्दा ही बालकाच्या मनांतील भयंकर आई व बारोंग हा बाप, असा मानसशास्त्रीय उलगडा केला. जेन बेलो यांचें १९४९ चें पुस्तक लहान आहे, पण गांवोगांवचे प्रकार वेगवेगळे ठेवण्याकडे त्यांची दृष्टि आहे, आणि आम्हांस तेंच अधिक उपयोगाचें वाटतें. पाळण्यांतल्या मुलाच्या भयावरून देवळांतील विधीचा अर्थ लावणें हें एका पदावरून सबंध श्लोक लावण्यासारखें आहे. तें पद श्लोकांत असेलही, परंतु अन्वय कोठें आहे?

सदसतांच्या युद्धाची कल्पना मूळ ग्रंथाशीं ताडून पाहूं. रंग्दाची कथा 'चलोन् अरंग' या जुन्या जावी गद्यांत आहे. पुर्बत्जरक या जावी पंडितानें हा ग्रंथ १९२६ मध्यें डच भाषांतरासह प्रसिद्ध केला, त्यावर शके १४६२ (इ. स. १५४०) असा काळ आहे. गिरह गांवीं एक विधवा असते. तिच्या मुलीस कोणी वर मिळत नाहीं, कारण आईची विद्या सर्वांस ठाऊक असते. अपमानानें चिडून ती स्मशानांत भगवतीची आराधना करते व राज्यांत रोगाची साथ पसरविते. राजा ऐर्लंग म्पु भराड या तपस्व्यास बोलावितो. भराड आपल्या शिष्याचें त्या मुलीशीं लग्न लावतो, आणि त्या जांवयाकरवीं सासूची पोथी हस्तगत करतो. पोथी वाचून भराड म्हणतो कीं ग्रंथ उत्तम आहे, त्याची वाट सिद्धीकडेच जाते. विधवेनें ती वामबाजूस वळविली. पुढें तो तिला मारतो, आणि मुक्तीचा उपदेश राहिला म्हणून पुन्हां जिवंत करून, उपदेश देऊन, मग तिचा अंत करतो.

या ग्रंथांत बारोंग कोठेंही नाहीं. म्हणजे ज्या झुंजीवर सत् व असत् यांचा सगळा डोलारा उभा केला, ती मूळ कथेंत नाहींच. कथेंतला प्रतिपक्षी तपस्वी आहे, आणि त्यास विधवेच्या नाशाहून तिची मुक्ति अधिक महत्त्वाची वाटते. बारोंगाचें येणें ही देवळाच्या व रंगभूमीच्या परंपरेंतली गोष्ट, ग्रंथाबाहेरची. ज्यांनीं ग्रंथ वाचला नाहीं त्यांस हें कळण्याचा मार्ग नव्हता; परंतु ज्यांनीं वाचला त्यांनींही तो नाट्याचा सारांश म्हणून पुढें केला, याचें आश्चर्य वाटतें.

त्याच कथेवर आणखी एक इमला रचलेला आहे. रंग्दा म्हणजे ऐर्लंगाची आई महेंद्रदत्ता, पति उदयन यानें चेटकाच्या संशयावरून तिला दूर केलें व पतीच्या मृत्यूनंतर तिनें सूड घेतला, असें प्रवासवर्णनांतून छापलें जातें. बलींत कुत्री येथें महिषासुरमर्दिनीची एक मूर्ति आहे व ती या राणीची मानतात. तेवढ्यावर ही कथा पोसली गेली आहे. यास एक समकालीन साधन आहे, व तें आपल्याच देशांत आहे. जावा इंग्रजांच्या ताब्यांत असतां (१८११–१८१६) रॅफल्सनें पुचंगन येथील एक शिला लॉर्ड मिंटोकडे कोलकात्यास पाठविली. ती तेथील इंडियन म्यूझियममध्यें गेली. तिच्या एका बाजूस संस्कृत व दुसऱ्या बाजूस जुन्या जावी भाषेंत ऐर्लंगाचा लेख आहे, काळ शके ९६३ (इ. स. १०४१). संस्कृत भाग कर्न या डच पंडितानें वाचला. त्यांत राजाच्या आईचें नांव वंशावळींत सन्मानानें आलें आहे. आणि त्याच लेखांत, शके ९५४ (इ. स. १०३२) मध्यें राजानें राक्षसीसारख्या भयंकर सामर्थ्याच्या एका स्त्रीचा पाडाव केला, असेंही सांगितलें आहे. चलोन् अरंगच्या कथेचें बीज शोधावयाचें तर तें या शत्रुस्त्रींत शोधावें, असें कांहीं विद्वानांनीं सुचविलें आहे, व तें संभवनीय आहे. परंतु एकाच लेखांत आई वेगळी व राक्षसी वेगळी असतां, दोघींस एक करण्यास कोणता पुरावा आहे? आमच्या मतें नाहीं. लोककथेस तो अधिकार आहे. इतिहास म्हणून छापणारांस नाहीं.

'रंग्दा' हा शब्दही या ठिकाणीं पाहण्यासारखा आहे. तो संस्कृत 'रण्डा', अर्थ विधवा. मराठींत त्याच शब्दाचें काय झालें हें सांगावयास नको. बलींत तो शब्द चेटकिणीचें नांव झाला, पण तिचा मुखवटा शिवीच्या पायरीवर गेला नाहीं. कित्येक गांवीं रंग्दा व बारोंग यांचे मुखवटे एकाच देवळांत शेजारीं शेजारीं ठेवलेले असतात, दोघांसही ससुहुनान म्हणतात, दोघांपुढें सारखेच नैवेद्य होतात व रोगराई आली कीं दोघांसही मिरवीत नेतात. गांवाचें रक्षण करणारी म्हणून जिला डोक्यावर धरतात तिला केवळ 'असत्' कसें म्हणावें? तिचें भय वाटतें, म्हणूनच तिच्याकडे रक्षण मागतात. ज्यानें देवळांतील टोपल्या मोजल्या असत्या त्यास सत् व असत् यांची वांटणी सुचलीच नसती.

या वांटणीस प्रवाशांकरितां दिवसा होणाऱ्या संक्षिप्त खेळांनीं बळ दिलें, हें सांगितलें पाहिजे. रात्रीं स्मशानाजवळ होणारें नाट्य तासाभराचें झालें, तेव्हां परक्या प्रेक्षकास कळेल असा एका वाक्याचा सारांश हवा होता. तो छापून वांटला गेला, आणि पुढील लेखकांनीं तो सारांशच साधन म्हणून घेतला. बलींतील जाणत्यांस यांतला धोका दिसला होता. १९७१ मध्यें त्यांनीं सभा भरवून नृत्यांचे तीन वर्ग केले: देवळाच्या आंतल्या भागांतलें 'वली', विधीस जोडलेलें 'बेबली' व करमणुकीचें 'बलिह-बलिहान'. पुढें २०१५ मध्यें युनेस्कोनें याच तीन वर्गांनीं बलींतील नृत्यांची नोंद केली. हेतु चांगला होता, पण त्या नोंदींत बारोंग केत करमणुकीच्या वर्गांत आहे, आणि ज्या गांवीं त्याच्या दाढीचें तीर्थ आजाऱ्यास देतात तेथेंही तो तोच आहे. वर्ग नृत्याचे केले, मुखवट्याचे नव्हेत, त्यामुळें असें झालें. एकाच आकृतीचे दोन मुखवटे, एक देवळांतला व एक बाजारांतला, या पद्धतीनें ओळखूं येणार नाहींत.

युरोपीयांस दोष देऊन आपण सुटत नाहीं. कोलकात्यास १९२६ मध्यें बृहत्तर भारताच्या अभ्यासाकरितां संस्था निघाली. पुढच्या वर्षीं रवींद्रनाथ ठाकूर सुनीतिकुमार चटर्जींसह बलीस जाऊन आले. १९३३ मध्यें सिल्व्हाँ लेव्ही यांनीं बलींतील संस्कृत स्तोत्रें बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापलीं. यांतून मोठें काम झालें. पण आपल्याकडील सामान्य लेखकांनीं यांतून एवढेंच घेतलें कीं बली म्हणजे आपलेंच हरवलेलें घर, व तेथील प्रत्येक वस्तूवर आपलें नांव कोठें तरी कोरलेलें सांपडेल. बारोंगास 'बनस्पति राजा' म्हणतात असें कळतांच वनस्पतींचा राजा, वनदेव, कीर्तिमुख अशी माळ ओंवली गेली. जावी देवळांच्या दारावरील मुखासही हें नांव देतात, तेव्हां कीर्तिमुखाशीं आकृतीचें नातें असेल, त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु बलींत बनस्पति राजा हा मनुष्याबरोबर जन्मणाऱ्या चार भावंडांपैकीं एक आहे. वार, नाळ, रक्त वगैरे रूपांनीं हीं चौघें जन्मतात, त्यांची आठवण ठेवली तर राखतात व विसरली तर छळतात, असा तेथील समज आहे. बारोंग राखतो तो या नात्यानें. हा अर्थ कोणत्याही संस्कृत कोशांत मिळणार नाहीं. आणि ज्या मुखवट्यांच्या नांवांत संस्कृताचा लवलेशही नाहीं, त्यांकडे आपले लेखक वळतच नाहींत. बातूर सरोवराकांठच्या त्रुन्यन गांवीं अविवाहित तरुण केळीचीं वाळलेलीं पानें पांघरून, हातीं चाबूक घेऊन 'बारोंग ब्रुतुक' होतात. त्यावर इकडे लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

तोपेंग नाट्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांनीं विशेष लक्ष द्यावें असें आम्हांस वाटतें, कारण त्याचें कथानक 'बबद' म्हणजे राजघराण्यांच्या बखरींतून घेतलेलें असतें. 'तोपेंग पजेगान' या प्रकारांत एकच नट एकामागून एक सर्व मुखवटे चढवितो: प्रथम उग्र प्रधान, मग म्हातारा, पुढें राजा, मग गांवचे विनोदी लोक. राजाचा मुखवटा संबंध. तो बोलत नाहीं. बोलतो तो 'पनासार' नांवाचा सेवक. त्याचा मुखवटा अर्धा, जबडा मोकळा. राजवाड्यांतली जुनी कवि भाषा तो ओळीओळीनें चालू बलींत उलगडून सांगतो. मूळ ग्रंथ मौन व टीका बोलकी, हें दृश्य पोथ्या वाचणाऱ्यास अपरिचित नाहीं. हें सर्व चालतें त्या वेळीं त्याच अंगणांत एका बाजूस पेदंडा मंत्र म्हणत असतो. प्रेक्षक दोहोंकडे पाहतात, किंवा कोणाकडेच पाहत नाहींत. खेळ लोकांसाठीं नसून कार्यासाठीं असतो, व बखरींतले पूर्वज कार्यास साक्ष म्हणून येतात.

शेवटचा मुखवटा 'सिदाकार्य'. चेहरा पांढरा, दांत पुढें आलेले, रूप कुरूपच म्हणावें. हातांत पिवळ्या तांदुळांचें पात्र व जुनीं भोंकाचीं नाणीं. तो तांदूळ चोहोंकडे उडवितो व एखाद्या पोरास पकडून नाणीं देतो. कथा अशी कीं, १६ व्या शतकांत गेलगेलचा राजा वातुरेंगोंग बेसाकिह येथें मोठें कार्य करीत असतां मळक्या वस्त्रांचा एक ब्राह्मण आला व आपण राजाचे बंधु आहों असें म्हणूं लागला. लोकांनीं त्यास हांकलून दिलें. त्याच्या शापानें पिकें गेलीं व रोग पसरले. राजानें त्यास परत आणवून मान दिला, तेव्हां त्यानें सर्व पूर्ववत् केलें. तेव्हांपासून त्याचा मुखवटा नाचल्यावांचून कार्य सिद्ध होत नाहीं. चेहऱ्यावरून अर्थ लावणाऱ्यांनीं येथें काय करावें? कुरूप चेहरा म्हणून दुष्ट म्हणावा तर तोच कार्य सिद्धीस नेतो. आणि नांवावरून अर्थ लावणाऱ्यांसही येथें एक मोह आहे. तो ब्राह्मण 'केलिंग' येथला असें कथा सांगते. केलिंग म्हणजे कलिंग, म्हणजे तो आपल्याकडचा, असें म्हणण्यास जीभ सरसावते. परंतु केलिंग नांवाचें स्थळ जावी परंपरेंतही सांगितलें आहे. हांकलून दिलेल्या पाहुण्याचा मान राखल्याशिवाय कार्य पुरें होत नाहीं, हा या मुखवट्याचा अर्थ. पाहुणा कोणत्या गांवचा, हें त्यांत गौण आहे.

आतां संग्रहाविषयीं. ब्लाहबातुह येथील देवळांत जुने मुखवटे आहेत. जाव्याच्या पूर्वभागावरील स्वारींत जेलांतिक घराण्यांतील सेनापतीनें ते लुटींत आणले अशी परंपरा आहे. लुटीचे म्हणून ते मृत झाले नाहींत; ज्यांनीं लुटले त्यांनीं त्यांस देवळांत बसविलें, नैवेद्य दिले, आणि त्यांच्या आधारें बलींतील तोपेंगची परंपरा उभी राहिली असें मानतात. म्हणजे मालक बदलल्यानें मुखवट्याचा अर्थ जातोच असें नाहीं. व्यवहार थांबला म्हणजे मात्र जातो. युरोपांतील संग्रहालयांत भिंतीवर टांगलेल्या रंग्दाखालीं 'चेटकीण, बली, लांकूड' एवढीच चिठी असते. ती कोणत्या गांवच्या कोणत्या देवळांतली, तिच्यावर विधि झालेला कीं ती विकण्याकरितांच घडविलेली, तिची जोडी कोठें आहे, हें कोणीं विचारलें नाहीं, व आतां विचारून कळण्याचा संभव थोडा. नेदरलंड्सनें १९ व्या शतकाच्या शेवटीं लोंबोकमध्यें लुटलेल्या मौल्यवान वस्तूंपैकीं मोठा भाग इंडोनेशियास परत देण्याचें २०२३ मध्यें ठरविलें. सोनें व रत्नें परत देणें तुलनेनें सोपें आहे, त्यांस कोठेंही ठेवलें तरी तीं सोनें व रत्नेंच राहतात. चिठी नसलेला मुखवटा परत द्यावयाचा तर कोणत्या टोपलींत?

आमच्या मंडळाच्या सभासदांपैकीं ज्यांच्या संग्रहीं बलींतील किंवा इतर कोठलेही विधीचे मुखवटे असतील त्यांनीं निदान इतकें करावें: वस्तु कोणाकडून, कोणत्या सालीं, कोणत्या गांवांतून आली तें लिहून ठेवावें, आंतल्या बाजूस तेलाचे, धुपाचे वा घामाचे डाग असतील तर ते घांसून काढूं नयेत, कारण मुखवटा वापरांतला होता याचा दुसरा पुरावा बहुधा नसतो, दाढीचे केस बदलूं नयेत, आणि 'सुष्ट' व 'दुष्ट' असे मथळे चिठीवर घालूं नयेत. कोलकात्याच्या शिलेची मागणी इंडोनेशियाकडून होत आली आहे. तिच्या संस्कृत भागांतील त्या राक्षसीसमान स्त्रीच्या श्लोकाविषयीं स्वतंत्र टिपण पुढील एखाद्या अंकांत देण्याचा आमचा मानस आहे.